काहूनचं कार्ड

भिवापूरची मिरची आली. फाल्गुन लागला की येतेच. पूर्वी आत्या पाठवायची, आता आत्याची सून पाठवते. पोतं तसंच, तोंडाला सुतळी तशीच, आणि सुतळी सोडली की जिन्यावरून खालपर्यंत जाणारी शिंकही तीच. नागपुरात हुडकेश्वरला हे घर बांधलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता तयार तिखट आणत जा. मी ऐकत नाही. गच्चीवर जुनं धोतर अंथरते, त्यावर मिरची ओतते आणि देठं खुडायला बसते. बोटं जळतात, मग तेल लावते. यातली थोडी मिरची दादाची. माझा मोठा भाऊ. त्याच्या वाट्याचं तिखट दरवर्षी कुटून, फडक्यातून चाळून, बरणीत भरून मी पाठवते. एक वर्षही चुकलं नाही. आणि दरवर्षी बरणीचं झाकण लावताना हात थोडा थांबतो, तेही चुकलं नाही.

खाली राहणाऱ्या भाडेकरूंची मुलगी बारावीला आहे. काल ती ओढणी नाकाला लावून वर आली.

"आजी, माझा पेपर आहे नं! सकाळपासून शिंकूनच राहिली मी."

"शिंक की मग. डोकं मोकळं होते."

तिच्या हातात मोबाइल. त्यात एक चौकोन, चौकोनात प्रश्न. बोट लावलं की चौकोन गर्रकन उलटतो आणि मागे उत्तर. "फ्लॅशकार्ड आहेत, आजी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीसाठी लय भारी." ती भराभर बोट लावत होती. प्रश्न दिसला न दिसला की उलट, मान डोलव, पुढचा. जणू कोणी तिला मिठाई वाढतंय आणि ती हो हो म्हणतेय.

माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "असं नाही वं बाई. आधी तोंडानं बोल, मग उलट. न बोलता उलटलं तर येतंच होतं असं वाटते, आणि येत काही नसते."

ती हसली. "तुम्हाले काय माहीत, आजी?"

आता काय सांगू, मला काय माहीत ते.

एकोणीसशे साठचं दशक सरून सत्तरचं लागायच्या बेतातली गोष्ट. आम्ही महाल भागात राहत होतो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि गच्चीवर जायला लोखंडी शिडी. बाबा इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरीला. दादा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी मॅट्रिक पास होऊन घरी बसलेली. बसलेली म्हणायची आपली पद्धत, बाकी बसायला कोणाला मिळत होतं! चूल, पाणी, मिरचीची देठं.

दादा अभ्यासाला बसला की सगळ्या आळीला कळायचं. मांडी घालून पुढे-मागे झुलत, मोठ्या आवाजात, पान पहिल्यापासून. मी आत पोळ्या लाटत ऐकायची. ऐकून ऐकून मलाच वाक्यं यायला लागली. एक दिवस तो अल्कोहोलवर आला तेव्हा मी आतून गंमत म्हणून विचारलं, "दादा, मधूनच विचारलं तर? अल्डिहाइडपासून आम्ल कसं करते?" तो थांबला. मग त्याच धड्याच्या पहिल्या ओळीपासून मनात सुरू झाला, ओठ हलताना दिसत होते. त्या ओळीपर्यंत पोचायला त्याला सगळा धडा चालत जावा लागत होता. परीक्षेत कोण थांबतं इतकं? चाचणीत त्याचे ऑरगॅनिकचे मार्क असे आले होते की बाबांना दाखवायच्या आधी आईला दाखवावे लागले.

मला सुचलं ते मेंढीकोट खेळताना. पत्ते पिसतो ना आपण, मग कुठलं पान कधी येईल काही नेम नाही. तसंच पाहिजे, म्हटलं. एका पानावर एकच गोष्ट, आणि पिसून टाकायची.

पुठ्ठ्याची काळजी नव्हती. धोतरजोडीच्या आणि साडीच्या घडीत दुकानात पुठ्ठे यायचे, बाबा चूल पेटवायला घरी आणत. एका अंगानं पांढरे, दुसऱ्या अंगानं राखाडी. मी कात्रीनं पत्त्याएवढे तुकडे केले. पांढऱ्या बाजूला प्रश्न, राखाडीला उत्तर. अक्षर माझं, कारण दादाचं अक्षर दादालाही लागत नसे. इंग्रजी मला मॅट्रिकपुरतं येत होतं, पण बेंझिनचा षटकोन काढायला इंग्रजी कशाला लागतं? रांगोळीत काढतोच की.

सुरुवातीला चुका केल्या. एकाच कार्डावर अख्खं पान उतरवलं. दादा म्हणाला, "सुमे, हे कार्ड आहे का पोथी?" मग कळलं, एका कार्डावर एकच पाऊल. कशावर काय टाकलं, काय मिळालं, बस. मग तेच उलटीकडून दुसरं कार्ड: हे मिळवायचं आहे, तर कशापासून सुरू करशील? पुढे जायचा रस्ता माहीत असला म्हणजे परतीचा येतोच असं नाही, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. दादाला विचारता विचारता कळलं. आलेली कार्डं बिस्किटाच्या डब्यात, न आलेली सुपात. सुपातली रोज, डब्यातली चार-आठ दिवसांनी. डब्यातलं कार्ड चुकलं की पुन्हा सुपात. दादा गयावया करायचा, "अर्धं तं सांगितलं न वं!" मी म्हणायची, "अर्धी पोळी भाजून देऊ काय आज?"

ऊन तापायला लागलं होतं. सकाळी आम्ही कडुनिंबाखाली बसायचो, त्याचा बारीक मोहोर कार्डांवर गळायचा. मिरची गच्चीवर असायची, आणि माझी शाई ओली असली की कार्डंही तिथेच, मिरचीच्या शेजारी, त्याच धोतरावर. वारा सुटला की उडायची म्हणून प्रत्येक कार्डावर एकेक मूठ मिरची वजनाला ठेवायची. मला वाटलं, काय शहाणी आहे मी! कार्डं वाळली, खाली आणली. दादाला कागद उलटताना अंगठा जिभेला लावायची सवय. त्यानं लावला. उलटलं. पुन्हा लावला. आणि जो उठला तो थेट माठाकडे.

"काय टाकलं वं याच्यात!"

"ऑरगॅनिक आहे, दादा. चव घेऊन पाह्य."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. पण पाहा, त्या तिखटानं एक काम केलं. घाईनं कार्ड उलटायची सोय राहिली नाही. दादा दोन बोटांनी कडेला धरून ठेवायचा, आधी तोंडानं सांगायचा, आणि अगदी खात्री झाली की मगच उलटायचा. तोंडानं बोलल्याशिवाय उलटायचं नाही हा आमचा नियम मिरचीनं घालून दिला.

आता काहूनचं, म्हणजे 'का'चं, सांगते.

प्रोपीन म्हणून एक वायू असतो. त्याचे तीन कार्बन रांगेत, त्यातल्या दोघांत दुहेरी बंध. त्यावर हायड्रोजन ब्रोमाइड सोडलं की ते फुटून त्या दोन कार्बनांना एकेक जण चिकटतो, एकाला हायड्रोजन, दुसऱ्याला ब्रोमीन. पण कोणाला कोण? कुण्या रशियन साहेबाचा नियम आहे: ज्या कार्बनाकडे आधीच जास्त हायड्रोजन, नवा हायड्रोजनही त्याच्याकडेच. हे ऐकलं आणि मी लाटणं बाजूला ठेवून हसले.

"दादा, हे तं आपल्याच घरचं झालं! ज्याच्या ताटात आधीच तूप, आई त्याच्यावरच वाटी उपडी करते."

दादाच्या पोळीवर तेव्हा तूप होतंच. तोही हसला.

"पण काहून?" मी विचारलं.

"नियम आहे तो."

"नियम आहे, पण काहून आहे?"

"परीक्षेत विचारत नाही."

मला चैन पडेना. दुपारी सगळे झोपले की त्याचं जाड पुस्तक घेऊन बारीक टाइपातला मजकूर शब्दकोश मांडीवर ठेवून वाचायची. बरेच दिवस लागले, पण कळलं. मधे एका क्षणासाठी एका कार्बनावर धन भार येतो. ज्याच्या शेजारी आधाराला जास्त कार्बन आहेत त्याला तो भार सोसवतो, म्हणून ब्रोमीन त्याच्याकडे जातो आणि हायड्रोजन दुसऱ्या टोकाला. त्या दुपारी मला इतका आनंद झाला की सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी आईला उठवलं. आई म्हणाली, "बरं झालं न मग. सोसवते तं सोसू दे," आणि कूस बदलली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कार्डाच्या पांढऱ्या बाजूला उजव्या कोपऱ्यात लिहायला लागले: काहून? काय होतं ते सांगितलं तरी पुरे नाही, काहून होतं तेही सांगायचं, तरच कार्ड डब्यात. दादा चिडायचा. "डोकं नको खाऊ. उत्तर आलं न?" पण मी सुपात टाकायची. हळूहळू तो सांगायला लागला. म्हणजे मी सांगितलेलं सांगायला लागला, तेही चाललं असतं.

एक कार्ड मात्र शेवटपर्यंत सुपातच राहिलं. तेच प्रोपीन, तेच हायड्रोजन ब्रोमाइड. पण भांड्यात थोडं पेरॉक्साइड असलं, की सगळं उलटं. हायड्रोजन जिथे बसायचा तिथे ब्रोमीन, ब्रोमीनच्या जागी हायड्रोजन. कारण तेव्हा वाटच बदलते, भार येतच नाही कोणावर, सुटे अणू येऊन चिकटतात. दादा दरवेळी चुकायचा. मी म्हणायची, "अरे, आधी पाह्य न, भांड्यात तिसरं कोण आहे ते!"

संत्री संपत आली होती. सालं सोलताना दादा म्हणायचा, या वासालाही सूत्र असते, सुमे. मिरचीच्या तिखटालाही असते. मी विचारलं, मग करू काय कार्ड? तो म्हणाला, अभ्यासक्रमात नाही. मला तेव्हा वाटायचं, जगात अशी कुठलीच गोष्ट नाही की जिच्या मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही. आपण उलटायचा अवकाश.

एक दिवस तो कॉलेजातून आला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली परीक्षानळी काढली. काचेची, बोटाएवढी, आणि आतून चांदी. खरी चांदी, आरशासारखी. अल्डिहाइड आहे की कीटोन हे ओळखायची ती रीत: अल्डिहाइड असलं तर नळीत आरसा धरतो, कीटोन असलं तर नाही. कार्डावर मी ते लिहिलं होतं, पण लिहिणं वेगळं. मी नळी उन्हात धरली. त्यात माझं तोंड लांबुळकं, भोपळ्याच्या बीएवढं दिसत होतं.

"दादा, हे तू केलं?"

"मी केलं. पुढच्या वर्षी तू करशील."

"मी?"

"मंग? हे पेपर होऊ दे, मी सांगतो बाबांले. तुले कॉलेजात घालतो म्हणजे घालतोच. माझ्यापेक्षा तुलेच जास्त समजते हे, खरं सांगू काय."

हे त्यानं म्हटलं. कडुनिंबाखाली, दिवसाढवळ्या, हसत. मी ती नळी फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली आणि कामाला लागले. त्या दिवशी पोळ्या किती लाटल्या, पाणी किती भरलं, काही जाणवलं नाही. कॉलेज सुरू झालं की पांढरी साडी नेसून जावं लागेल काय, याचाच विचार.

ऑरगॅनिकच्या पेपरला दादा सुपातली कार्डं खिशात घालून गेला आणि फाटकापर्यंत वाचत राहिला. मग डोळा चोळला. काय व्हायचं ते झालं. एका डोळ्यातून धार, त्याच डोळ्यानं पेपर. वर्गावरचे सर दोनदा जवळ आले, म्हणे, आणि शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नको बाळा, सप्टेंबरात पुन्हा बसता येते." घरी येऊन त्यानं नक्कल करून दाखवली तेव्हा बाबासुद्धा हसून हसून बाजेवर आडवे झाले. पेपर उत्तम गेला होता. काहून, काहून करत सगळं आलं होतं. पेरॉक्साइड विचारलं नव्हतं.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ. अंगणात पाणी शिंपडलं होतं, तापलेल्या मातीचा वास येत होता. बाबा बाजेवर, दादा स्टुलावर, आई तांदूळ निवडत. मी आत झुणका घोटत होते. दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. वर्ध्याचं एक स्थळ सांगून आलं होतं, त्यावर बोलणं चाललं होतं. मला धास्ती नव्हती. दादा होता ना.

बाबा म्हणाले, "काय गा, तू बसून राहिला तिच्यासोबत इतके दिवस. मले कापडातलं समजते, शिक्षणातलं नाही. म्हणून तुले विचारतो. पोट्टीचं डोकं चालते काय सायन्समध्ये? चालत असन तं घालू कॉलेजात, वर्ध्याच्या लोकांले नाही म्हणतो मी. तुझ्या शब्दावर आहे."

असं विचारणारा बाप त्या काळी आमच्या आळीत दुसरा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. बाबांना बोल लावायला जागा नाही. त्यांनी तराजू दादाच्या हातात दिला होता.

मी पळी थांबवली. खरं म्हणजे मी हसत होते. आता दादा सांगणार, आणि सांगताना चांदीची नळी आणायला मला बाहेर बोलावणार.

दादानं स्टूल थोडं मागे सरकवलं. मग म्हणाला, "पाठांतर चांगलं आहे, बाबा."

"म्हणजे?"

"कार्डं पाहून पाहून पाठ झालं तिले. पण समजत नाही तसं. सायन्समध्ये समजा लागते."

आईचा तांदळातला हात थांबला. "पोरगी दिवसभर त्याच्यातच राहते न पण," ती म्हणाली.

"पाठ करते, आई. पोपटासारखं."

"मंग राहू द्या," बाबा म्हणाले. रागानं नाही, वाईट वाटून म्हणाले. मुलाच्या शब्दावर बोलायचं नाही असं त्यांनी आधीच ठरवलेलं.

झुणका खाली लागला. वास आला तेव्हा मी कढई उतरवली. पानं घेतली. दादाच्या ताटात झुणका वाढला, पोळी वाढली, पोळीवर तूप वाढलं. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "पुरे." वर पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, तिथेच का नाही विचारलंस? आज मलाही वाटतं. पण आमचा नियमच तसा होता, आधी त्यानं तोंडानं सांगायचं. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मग आठवडाभर, मग मांडवात. तो वर्ध्याच्या पाहुण्यांना सरबत देत फिरत होता, सगळ्यांत जास्त धावपळ त्याचीच. पाठवणीच्या वेळी रडलाही. खरोखर रडला, त्या दिवशी डोळ्यात मिरची नव्हती. चांदीची नळी तोवर काळी पडली होती. ती मी नेली नाही.

माणूस मला चांगला मिळाला, त्याची तक्रार नाही. बदली होऊन आम्ही पुन्हा नागपूरला आलो. रद्दीत येईल ते मी वाचलं, पोरांची पुस्तकं त्यांच्याआधी वाचली, आणि असं करत करत आज हे लिहिण्याइतकी झाले. दादा एम.एस्सी. झाला, कॉलेजात प्रोफेसर झाला, मोठं नाव झालं. भाऊबीज, राखी, सगळं रीतसर. माझ्या बाळंतपणात तो सायकलवरून डिंकाचे लाडू घेऊन आलाय. वाईट माणूस असता तर सोपं होतं. वाईट माणसाला तिखट कोण पाठवतं?

त्याच्या वतीनं मी पुष्कळ उत्तरं लिहून पाहिली. घरात दोघांना शिकवायची ऐपत नव्हती म्हणून? पण मग तसं म्हणता आलं असतं, मी समजून घेतलं असतं. बहिणीचं चांगलं स्थळ जाऊ नये म्हणून? मग मला विचारायचं. आपण प्रोफेसर होणार त्याच वर्गात मागच्या बाकावर ही बसेल आणि काहून विचारेल, याची भीती वाटली म्हणून? हे उत्तर मी मनात आणते आणि मलाच लाज वाटते, कारण तो माझा दादा आहे. कितीदा वाटतं, त्यानं कॉलेज नाही दिलं ते एक वेळ चाललं असतं. पण जे मला येत होतं, त्याला ठाऊक होतं की मला येतं, तेच येत नाही म्हणाला. कडुनिंबाखाली एक, बाबांसमोर दुसरं. तोच दादा, तीच मी, तेच अंगण.

ऐंशी सालानंतर माझी मंजू सायन्सला गेली. आता काळ बदलला होता, कोणाला विचारावं लागलं नाही. मामा घरी शिकवण्या घ्यायचा, भाचीला कौतुकानं बोलावलं. पहिल्या दिवशी ती आली ती उड्या मारत. भिवापूरची मिरची आलेली होती, मी देठं खुडत होते. तिनं पिशवीतून गठ्ठा काढला. पांढरे, जाड, मशीनवर कापलेले पुठ्ठे.

"आई, पाह्य नं! मामांची युक्ती. एका कार्डावर एकच रिॲक्शन, बोलल्याशिवाय उलटायचं नाही. आणि हे पाह्य कोपऱ्यात."

प्रश्नाच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, दादाच्या त्या कोणाला न लागणाऱ्या अक्षरात: काहून?

"सगळे याले सरांचं काहून म्हणते. बाहेरगावची पोरं येते यासाठी. मामा पहिल्याच दिवशी सांगते, नुसतं पाठ करून काही होत नाही, समजा लागते."

मी देठ खुडत होते. खुडत राहिले. म्हटलं, "विचार बरं एखादं."

"तुले?"

"विचार तं."

मंजूनं विचारलं, नायट्रोबेंझिनवर पुन्हा नायट्रो आला तर कुठे बसणार? मी म्हटलं, एक घर सोडून, कारण पहिला नायट्रो शेजारची आणि समोरची जागा ओढून रिकामी करतो, मधली त्यातल्या त्यात बरी राहते. मंजूचं तोंड उघडंच. मग तिनं आरशाचं विचारलं. नळीत काय घातलं की चांदी धरते? आणि मला आठवेना. चांदी आठवत होती, त्यातलं लांबुळकं तोंड आठवत होतं, कडुनिंबाचा मोहोर आठवत होता. काय घालायचं ते गेलं होतं. ते कार्ड किती वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. त्या वेळी मला पहिल्यांदा रडू आलं. मंजू घाबरली. "काय झालं वं आई?" म्हटलं, मिरची.

हात धुतले. मंजूकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि एका बाजूला माझ्या जुन्या अक्षरात लिहिलं: प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड. पेरॉक्साइड असलं की उलटं. कोपऱ्यात लिहिलं, काहून? आणि त्याखाली आणखी एक ओळ: त्या संध्याकाळी बाबांसमोर तू माझ्याबद्दल उलटं बोललास, ते काहून?

"मामाले दे," म्हटलं. "मीच लिहिलंय म्हणून सांग."

मंजूनं ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती शिकवणीहून परत येईपर्यंत मी तीनदा गच्चीच्या जिन्यापर्यंत जाऊन आले. मिरची गोळा करायची होती, केली नाही. आली. मंजूनं कार्ड दिलं.

"मामांनी माझ्यासमोरच लिहिलं. लय वेळ हातात धरून बसले होते. मग डोळे पुसले आणि लिहिलं."

मी आधी कार्ड उलटलं नाही. सवयच तशी. मनात म्हटलं, सुमे, सांग बरं काय असेल. काय काय सांगितलं मी स्वतःला त्या क्षणात! मग उलटलं.

मागची बाजू भरलेली होती. सुटे अणू कसे तयार होतात, ब्रोमीन आधी कुठे चिकटतो, काहून चिकटतो, हे फक्त हायड्रोजन ब्रोमाइडलाच लागू, क्लोराइडला नाही, आयोडाइडला नाही. बाण ठळक, आकृती सुबक. या एका कार्डासाठी अक्षरसुद्धा नीट काढलं होतं. आणि ते तिथेच संपलं होतं. माझ्या दुसऱ्या ओळीचं एक अक्षर त्यात नव्हतं.

मंजू माझ्या खांद्यावरून वाचत होती. हळूच म्हणाली, "आई, बरोबर आहे काय उत्तर?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पाठांतर चांगलं आहे त्याचं. पण समजत नाही तसं."

आणि गच्चीवर जाऊन दादाच्या वाट्याची मिरची वेगळी काढायला बसले.